सरकारला काळी कॉफी

पत्र गुरुवारी आलं. गुरुवारी दुपारी वाटाण्याचं पिवळं सूप, वर मोहरी, मागून जॅम लावलेलं धिरडं, हा नेम गुनवोर टिलान्देरने अठ्ठावन्न वर्षांत मोडला नव्हता, तो एका पाकिटापायी मोडायचं काही कारण नव्हतं. तिने पाकीट कामाच्या मेजावर पितळी वजनांच्या पेटीशेजारी ठेवलं, सूप संपवलं, ताटली पावाने पुसली आणि मग सवयीने पाकीट आधी तळहातावर तोललं. आत एकच कागद होता. एका कागदाचे पाच ग्रॅम, हे तिच्या हाताला कागद न काढताही कळत होतं. बाकीच्या माणसांना पत्र आलं की कुणाचं आलं ते कळतं, हिला आधी वजन कळतं, अशी तिच्या भावाची जुनी थट्टा होती. कागदावर लिहिलं होतं की 'क्रूनान्स वोग' या नावामुळे आणि फलकावरच्या तीन मुकुटांमुळे सदर व्यवसाय सरकारी आहे असा लोकांचा समज होतो. असं नाव धारण करण्यास कायद्याने मनाई आहे. तीन मुकुट हे राज्याचं चिन्ह असून ते व्यापारात वापरता येत नाही. दोन महिन्यांत नाव बदलावं, फलक उतरवावा. काही म्हणणं असल्यास तीन आठवड्यांत कळवावं. खाली सही, आणि सहीखाली फोन नंबर. क्रूनान म्हणजे मुकुट, आणि आमच्या देशात राजा कितीही शोभेचा झाला तरी बोलताना मुकुट म्हणजे सरकारच. तेव्हा क्रूनान्स वोग म्हणजे उघड उघड सरकारी काटा, यात पत्राची काहीच चूक नव्हती. गुनवोरने बाकी सगळं पत्र सरळ वाचलं, 'समज होतो' या दोन शब्दांपाशी मात्र ती अडकली. समज होतो. आपोआप होतो, जसा लोखंडाला गंज होतो. कुणी करत नाही. धिरडं तसंच राहिलं, जॅमवर साय धरली, आणि दारावरची घंटा वाजली तेव्हा ती दचकली, हे तिचं तिलाच आवडलं नाही.

दारात खाटकाचा माणूस होता, दुरुस्तीला टाकलेला काटा न्यायला आलेला. तिने काटा मेजावर मांडला, पितळी वजनं मऊ कातड्याने धरून एकेक पारड्यात ठेवली, उघड्या बोटांनी नाही, बोटांचा ओशटपणासुद्धा वजन असतो. दोन किलोला काटा दोन किलो दाखवत होता, वीस ग्रॅमला वीस. त्या माणसाने आकडे पाहिलेच नाहीत. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि काटा उचलून गेला. हे असं चाळीस वर्षं चाललेलं होतं. गोथेनबर्गच्या या मायोर्ना वस्तीत, खाली दगडाचा आणि वर लाकडाचे दोन मजले अशा घरांच्या रांगेत, ट्रामच्या वळणावर तिचं हे दुकान. काटे कुणी तपासून बघत नसे. गुनवोर टिलान्देरने बघितलं म्हणजे झालं! मासळीबाजारापासून बंदरावरच्या लोखंडाच्या वखारीपर्यंत, सोनाराच्या डबीएवढ्या काट्यापासून ट्रक उभा राहील एवढ्या काट्यापर्यंत, तिच्या हाताखालून गेला तो काटा बरोबर. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवत नसे. आमच्याकडे गर्व लपवायची पद्धत आहे, मी कोण मोठी लागून गेले असं दिवसातून दोनदा म्हणायचं असतं. गुनवोर ते म्हणत नसे. नवऱ्याने एकदा, घटस्फोटाच्या आधी, तिला म्हटलं होतं, "तुला चुकलं म्हणायला येत नाही गं." आणि तिने खरंच विचार करून उत्तर दिलं होतं, "चुकले की म्हणेन." तो खोचकपणे हसला होता. तिला त्यात हसण्यासारखं काय ते आजही कळलेलं नाही.

आज मात्र खाटकाचा माणूस गेल्यावर तिच्या मनात भलतंच आलं. त्याने मान डोलावली ती मला, की दारावरच्या तीन मुकुटांना? हा प्रश्न तिला चाळीस वर्षांत पडला नव्हता. कोटाच्या खिशात खडा असावा आणि चालताना तो मांडीला लागत राहावा, तसा तो दिवसभर लागत राहिला. तीन मुकुट बाबांनी काढले होते. वालफ्रीड टिलान्देर, मापाधिकारी. तेव्हाची रीत अशी होती की माणसाला नावाने किंवा तू म्हणून हाक मारायची नाही, हुद्द्याने, आणि तीही तिऱ्हाईतासारखी. मापाधिकारी आत येतील का? मापाधिकारी कॉफी घेतील का? बाबा आत येत, टोपी काढत, काळ्या पेटीतून वजनं काढत आणि काटा खरा निघाला की पोलादी छापणीने पारड्यावर मुकुट ठोकत. टक्, एकच घाव. त्या एका घावासाठी लहानपणी ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागून गावभर हिंडली. कॉफी ते घेत, पण काळी. साखर नाही, दूध नाही, सोबतचा वेलदोड्याचा बन तर नाहीच. "सरकारने पाण्यापलीकडे काही घेऊ नये," ते म्हणत, "आणि कॉफी म्हणजे काळं केलेलं पाणी." ती अकरा वर्षांची असताना सरकारने ठरवलं की आता मापाधिकारी नकोत, यापुढे ते काम वेगळ्या रीतीने होईल. त्याच सुमारास सगळ्या देशाने सगळ्यांना तू म्हणायचं ठरवलं. शाळेतल्या बाई तू झाल्या, दवाखान्यातला डॉक्टर तू झाला, आणि मापाधिकारी टिलान्देर एका सोमवारी छापणी परत करायला गेले आणि खिडकीतला पोरगेला कारकून म्हणाला, "इथे सही कर, वालफ्रीड." घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली, ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथेच राहिली. आई म्हणाली, "अहो, माणसं अशीच बोलतात आता." बाबा म्हणाले, "बोलू देत. छापणीची पावतीसुद्धा दिली त्याने. चारशे दहा ग्रॅम, म्हणे. चारशे बारा होती."

वसंतात त्यांनी हे दुकान घेतलं, ओकची फळी आणली, निळा रंग लावला, त्यावर पिवळ्या रंगाने तीन मुकुट काढले आणि खाली क्रूनान्स वोग लिहिलं. गुनवोरने रंगाचा डबा धरला होता. तिने विचारलं होतं, "बाबा, पण आता आपण सरकार नाही ना?" बाबांनी कुंचला न थांबवता उत्तर दिलं, "मी सरकारचाच माणूस आहे. सरकारला सांगायचं राहून गेलंय, एवढंच." किती हसली होती ती! पुढे हेच वाक्य ती पाहुण्यांना सांगत असे, बाबा गेल्यावर तर प्रत्येक वेळी, आणि लोक हसत, आणि तिला बाबांचा अभिमान वाटे. आज त्या वाक्याला हसू येईना. वाक्य तेच होतं, पण आज त्यात एक माणूस दिसत होता, छप्पन्न वर्षांचा, रिकाम्या हाताचा, जो रोज सकाळी फळीखालून आत जाताना वर बघायचा.

संध्याकाळी सिक्स्तेनचा फोन आला. सिक्स्तेन तिचा धाकटा भाऊ, होड्यांचे विमे विकणारा, आणि कायदा आपल्याला वकिलांपेक्षा बरा कळतो असं मानणारा. पत्राचा फोटो तिने त्याला पाठवला होता आणि पाठवल्या क्षणीच पस्तावली होती.

"लढायचं," तो म्हणाला. "सरळ लढायचं. पन्नास वर्षं कुणाच्या पोटात दुखलं नाही, आता कुठून कळ आली?"

"कायद्यात बसत नाही, सिक्स्तेन."

"अगं, कायद्यात काय, राजासुद्धा नीट बसत नाही. जुनं नाव आहे म्हणावं. परंपरा आहे. लोकांना परंपरा आवडते. आणि लोक काय वेडे आहेत? ट्रामच्या वळणावरचं भोकाएवढं दुकान बघून कोण म्हणेल हे सरकार आहे?"

"पत्रात म्हटलंय, समज होतो."

"होतो तर होऊ दे! तू कधी कुणाला म्हणालीस का, मी सरकार आहे म्हणून?"

"नाही."

"मग? आणि हे बघ ताई, नाव काढलंस तर तुझ्याकडे येणार कोण? त्या नव्या कंपन्यांची चकचकीत पोरं गाड्या घेऊन दारोदार फिरतायत. तुझ्याकडे काय आहे? बाबांची फळी आहे." मग हळूच म्हणाला, "बाबांचं काढतेस तू. एवढं लक्षात ठेव."

फोन ठेवल्यावर तिला राग आला तो सिक्स्तेनचा नव्हता. तुझ्याकडे काय आहे? बाबांची फळी आहे! म्हणजे चाळीस वर्षांचे हात पासंगालाही नाहीत? आणि त्याच वेळी, याच रागाच्या पोटात, तिला हेही कळत होतं की लढावं असं तिलाही वाटतंय. एकदा लढून जिंकावं, कागदावर लिहून घ्यावं, की हो, टिलान्देर म्हणजे सरकारच.

सकाळी तिने पत्राखालच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक तरुण आवाज होता, नसरीन आहादी, आणि आवाजात ना दरडावणी ना दिलगिरी, हे गुनवोरला बरं वाटलं. कामाचा आवाज होता.

"तू हरकत घेऊ शकतेस, गुनवोर. नाव जुनं आहे, ते आम्ही पाहू. पण मुकुटांचं अवघड आहे, ते आधीच सांगते. खोटी आशा नको."

"इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही का?"

"दिसलं असेल. कागदावर आता आलं. एका तपासनिसाच्या अहवालातून आलंय."

"कुणी तक्रार केली?"

"तक्रार अशी नाहीये. अहवाल तुला पाठवू का? सगळ्यांनाच मागता येतो तो. रस्त्यावरच्या कुणालाही."

"पाठव," गुनवोर म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. "तुझ्या आवाजावरून विचारते, तू काम नीट करणारी दिसतेस. तुला काय वाटतं? मी फसवते लोकांना?"

"मला तुझे काटे माहीत नाहीत," नसरीन म्हणाली. "ते बरोबरच असतील. मी फक्त पाटी बघते."

पाच मिनिटांत अहवाल आला. दीड पान. मिठाईचं दुकान, सुट्या गोळ्या आणि चॉकलेटं वजनावर विकणारं, मालकीण एल्वी कूसेला, वय बहात्तर. काट्याच्या सरकारमान्य पडताळणीची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली. ईस्टरच्या तीन आठवडे आधी तपासणी, काटा वापरण्यास बंदी, पडताळणी होईपर्यंत वजनावरची विक्री बंद. मालकिणीला कारण विचारलं असता तिने सांगितलं, आणि इथे तपासनिसाने बाईचे शब्द जसेच्या तसे टिपले होते: 'दर वर्षी सरकारची बाई येते की. काटा उघडते, साफ करते, वजनं ठेवून बघते, तीन मुकुटांची चिकटपट्टी लावते. पावती देते. कॉफी घेते, काळी. बन घेत नाही. इतकी कडक बाई सरकारची नाही तर कुणाची असणार?'

गुनवोरने हे तीनदा वाचलं. ईस्टर. आमच्याकडे ईस्टरला पुठ्ठ्याची रंगीत अंडी गोळ्यांनी भरतात, घरटी एक तरी, शेजाऱ्यांना वेगळं. मिठाईवाल्याची वर्षाची निम्मी विक्री त्या पंधरा दिवसांत. त्या पंधरा दिवसांत एल्वीच्या दुकानातल्या गोळ्यांच्या डब्यांवर झाकणं होती. आणि एल्वीने तिला फोन केला नाही. भांडली नाही. सरकारशी कोण भांडणार? गुनवोरने चष्मा काढला, पुसला, परत लावला. सिक्स्तेनला तिने नाही म्हणून सांगितलं होतं. मी कधी कुणाला म्हणाले नाही, मी सरकार आहे म्हणून. खरंच म्हणाली नव्हती. एल्वी फिनलंडची, पन्नास वर्षांपूर्वी जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला आलेली, तू-ची लाट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती जणू, ती अजून तिऱ्हाईतासारखं बोले. "सरकार कॉफी घेणार ना?" दर वर्षी. पहिल्या वर्षी गुनवोर हसली होती. थट्टा वाटली तिला. दुसऱ्या वर्षी थट्टा नाही हे कळलं, पण तोवर हसण्याची सवय झाली होती. आणि त्या हसण्यात, आता कबूल करायला काय हरकत आहे, त्या हसण्यात गोड लागत होतं काहीतरी. बाबांच्या खुंटीवरची टोपी कुणीतरी आपल्या डोक्यावर ठेवावी तसं. सरकारने बन घ्यायचा नसतो म्हणून ती बन घेत नसे. वेलदोड्याचा बन तिला जीव की प्राण! वीस वर्षं एल्वीच्या दुकानात साखरेच्या वासात उभं राहून तिने काळी कॉफी प्यायली, आणि बन नाकारताना तिची मान जराशी ताठ व्हायची, अगदी बाबांसारखी.

आणि गेल्या वर्षी. हे तिला आठवायचं नव्हतं, पण एकदा काटा उघडला की आतलं सगळं दिसतंच. गेल्या वर्षी काटा साफ करायला तिने उलटा केला होता. पोटाला खरी सरकारी चिकटपट्टी होती, फिकी झालेली, साल छापलेलं. तिला दिसलं होतं. सांगावं असं मनात आलंही होतं: एल्वी, पडताळणी करून घे, ते माझं काम नाही, मी नुसती दुरुस्त करणारी. ओठांवर होतं. तेवढ्यात पाठीमागून कपाची किणकिण आली आणि एल्वी म्हणाली, "सरकार कॉफी घेणार ना?" ते वाक्य सांगायचं तर आधी दुसरं एक सांगावं लागलं असतं. मी सरकार नाही. चार शब्दसुद्धा नाहीत. तिने काटा सुलटा केला, तीन मुकुट लावले आणि कप हातात घेतला.

ती दुकानात येरझाऱ्या घालू लागली. तीन पावलांचं दुकान, येरझाऱ्या कसल्या, जागच्या जागी गिरक्याच त्या. बाबा असते तर काय म्हणाले असते? आणि बाबांचं म्हणणं कानाशी आलं, पण फळीखालचं नाही, मासळीबाजारातलं. ती सात-आठ वर्षांची असेल. यर्दिस नावाची एक विधवा हेरिंग विकायची, लाल हातांची, मोठ्या आवाजाची, गुनवोरला नेहमी खारवलेल्या माशाचा तुकडा द्यायची. बाबांनी तिचं पारडं उलटं केलं तर खाली खवले आणि खारं पाणी वाळून खपली धरलेली. तासून काढली, तोलली. पाच ग्रॅम. दर मापाला गिऱ्हाइकाचे पाच ग्रॅम जात होते. यर्दिस म्हणाली, "मापाधिकाऱ्यांनी असं बघू नये माझ्याकडे. मी काय लावलं का ते? साचलं आपोआप. मी काढलं नाही, एवढंच." बाजार सगळा ऐकत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि लहान गुनवोरला वाटलं होतं, आता बाबा सोडतील, माशाचा तुकडा देणारी बाई आहे ती. बाबांनी छापणी पेटीत परत ठेवली. "काढलं नाही म्हणजे लावलंच," ते म्हणाले. त्या दिवशी यर्दिसला मुकुट मिळाला नाही. परत येताना गुनवोरची छाती अशी फुगली होती की कोटाची बटणं ताणली. हे माझे बाबा! पाच ग्रॅमसुद्धा सोडत नाहीत!

आणि याच माणसाने चार वर्षांनी फळी रंगवली. गुनवोर मेजाच्या कडेला टेकून उभी राहिली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिने बाबांना पारड्यात घातलं. अपमान झाला होता त्यांचा. खरोखरचा अपमान. आपलं वजन कमी पडेल अशी भीती वाटली त्यांना, म्हणून पारड्याला त्यांनी मुकुट बांधले. गरज होती का? त्यांचा एक काटा कधी चुकला नाही. चारशे दहा आणि चारशे बारातला फरक ज्याच्या हाताला कळत होता त्याला सोन्याच्या रंगाची काय गरज होती? तिला रडू आलं. रडली ती, मोठ्याने, नाक शिंकरत, कामाच्या मेजाशी भर सकाळी. पण लाजेने नाही रडली. कीव आली होती तिला, आणि कीवेच्या खाली तिचा अभिमान जसाच्या तसा होता, एक ग्रॅम न घटलेला. यर्दिसच्या पारड्यापाशी उभे होते ते बाबा खरे. फळी त्यांची खपली होती.

तिने नसरीनला फोन केला. "हरकत घ्यायची नाही मला."

"विचार करायला अजून अठरा दिवस आहेत, गुनवोर."

"माझं काम एक दिवसाचं आहे. नवं नाव लिहून घे. गुनवोर टिलान्देर."

"खाली धंद्याचं काही? काटेदुरुस्ती वगैरे?"

"ते लिही. नाहीतर लोक चुली घेऊन येतील."

नसरीन हसली. पहिल्यांदाच. सिक्स्तेनला तिने फोन केला नाही, नुसतं लिहून पाठवलं, की फळी उतरवतेय, हवी असेल तर ये घेऊन जा, भिंतीला लाव, पण घराच्या आत. त्याचं उत्तर आलं, 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा.' आणि थोड्या वेळाने दुसरं आलं, 'शिडी कोण धरतंय?'

शिडी सिक्स्तेननेच धरली. शनिवारी सकाळी, ट्राममधली माणसं माना वळवून बघत असताना, गुनवोरने आठ स्क्रू काढले. स्क्रू गंजले होते, एक तुटला. सिक्स्तेन खालून बडबडत होता, बाबा वरून बघत असतील, बाबांना काय वाटेल, आणि ती म्हणाली, "बाबांना वाटेल की पोरीने पारडं उलटं करून बघितलं एकदाचं." त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली. फळी हातात आल्यावर ती क्षणभर डुलली आणि सवयीने म्हणाली, "अकरा किलो." आत नेऊन मोठ्या काट्यावर ठेवली तर अकरा किलो दोनशे. दोनशे ग्रॅमने चुकली. "चुकले," ती म्हणाली. सिक्स्तेनने तिच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

मग ती ओल्या फडक्यांची पिशवी आणि वजनांची पेटी घेऊन एल्वीच्या दुकानात गेली. शनिवार म्हणजे पोरांचा गोळ्यांचा दिवस, दुकान भरलेलं, नव्या सरकारी चिकटपट्टीचा काटा कोपऱ्यात डौलात बसलेला, आणि त्याच्या कडेला, तपासनिसाने सोडून दिलेली, तिची. तीन मुकुट. गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती थांबली. एल्वीने तिला पाहिलं होतं. हात पुसत आली ती, तोंडावर राग नाही, उलट अपराध्यासारखी, वर्गात फळ्यापाशी बोलावणं आलेल्या पोरीसारखी.

"सरकार अवेळी आलं या वर्षी," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली तेवढी. कागद बघायला हवे होते मी."

"तुझी नाही झाली," गुनवोर म्हणाली. "माझी झाली. तुझी मुदत संपलेली मी गेल्या वर्षी पाहिली होती. बोलले नाही."

गुनवोरने फडकं काढलं, काट्याच्या कडेची चिकटपट्टी नखाने सोलली, गोंद राहिला होता तो घासून घासून काढला, पार पुसून कोरडा केला, आणि मग पेटीतून वजनं काढून काटा पाहिला. दोनशेला दोनशे. पाचला पाच. एल्वीला ईस्टरचे ते तीन आठवडे काही परत मिळणार नव्हते, आणि ते न मिळणंही तिथेच काट्याशेजारी उभं होतं, ते तिला दिसत होतं.

"ईस्टरला सगळ्या डब्यांना झाकणं होती," एल्वी शेवटी म्हणाली. "पोरं काचेला नाक लावून बघायची." मग ती वळली आणि आतून कपाची किणकिण आली. तिचं पाठमोरं बोलणं ऐकू आलं, नेहमीचं, पण या खेपेला शेवटी जरासं चाचपडत, "सरकार कॉफी..."

"सरकार नाही, एल्वी," गुनवोर म्हणाली. "सरकार कधीच नव्हते. मी गुनवोर. वालफ्रीड टिलान्देरची मुलगी. काटे दुरुस्त करते."

एल्वी कप घेऊन दारात उभी राहिली. तिने गुनवोरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काटा घ्यावा की नको असं बघतात तसं. मग ती मांडणीवरून पितळेची ताटली काढायला वळली.

"मग गुनवोरला बन चालेल," ती म्हणाली.

"दोन," गुनवोर म्हणाली. "आणि कॉफीत साखर."